भूपेंद्रभाऊंची टॉवेल-टोपी

फैजपूरच्या भूपेंद्र नेहेतेच्या घरी पाहुण्याने कधी स्वतःच्या हाताने पाणी घेतलेलं नाही. घेऊच देत नाहीत. पाहुणा खुर्चीत जरा पुढे सरकला की आतून कोणीतरी धावत येणार, बसा हो बसा, काय पाहिजे? आणि निघाला की टॉवेल, टोपी, नारळ. बाई असली तर खणा-नारळाने ओटी. भूपेंद्रचे वडील जीवराम आबा तर असे, की एकदा विहिरीचं पाणी तपासायला आलेला सरकारी माणूस शेजारचं घर सोडून चुकून यांच्याकडे शिरला. आबांनी त्याला पोटभर जेवू घातलं, डोक्यावर टोपी चढवली, हातात नारळ दिला आणि मग विचारलं, साहेब, आपण कोण?

मान द्यावा तर नेहेत्यांनी, असं गाव म्हणायचं. गावाचं काय जातं म्हणायला? या मानापायी पुढे आबांच्या मुलाची जी दमछाक झाली, ती गावाला कुठे ठाऊक आहे.

भूपेंद्र शिकला भुसावळला, नोकरी केली पुण्याला कंप्युटरच्या कंपनीत, आणि आबा गेल्यावर केळीच्या बागेसाठी बायकोला, दिपमालाला, घेऊन परत आला. बागेत पाऊल टाकलं आणि पहिली गाठ पडली ती लाईटशी. आमच्याकडे शेतात लाईट म्हणजे दिवा नव्हे. लाईट म्हणजे मोटार चालवणारी थ्री-फेज वीज. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि सांगितलेल्या वेळेला येईल तर शपथ. ती आली की शेतात पळायचं, मोटार सुरू करायची, ठिबकचे कॉक फिरवायचे. त्यामुळे सगळं गाव सगळ्या गावाला दिवसभर एकच विचारत असतं, लाईट आली का?

भूपेंद्रने एक जुना मोबाईल मोटारीच्या पेटीत बसवला. लाईट आली की तो मोबाईल चार्ज व्हायला लागतो, चार्ज व्हायला लागला की त्याला कळतं, आणि कळलं की तो त्या लाईनवरच्या सगळ्यांना निरोप धाडतो: लाईट आली. बस, एवढंच. प्रोग्रॅमचं नावही त्याने तेच ठेवलं, ‘लाईट आली’. आणि आबांचाच मुलगा तो, झाकून कसा ठेवेल? प्रोग्रॅमचा सगळा कोड त्याने इंटरनेटवर उघडा टाकला. ज्याला पाहिजे त्याने न्यावा, वापरावा, कुठे चुकलं असेल तर दुरुस्त करावं आणि दुरुस्ती परत पाठवावी. याला ओपन सोर्स म्हणतात. आलेली दुरुस्ती तपासून आत घ्यायची की नाही हे जो ठरवतो, तो मेंटेनर. ‘लाईट आली’चा मेंटेनर एकटा भूपेंद्र. सगळ्या लाईनींचे निरोप ज्यातून जातात त्या मुख्य प्रोग्रॅमची चावी, म्हणजे पासवर्ड, त्याच्या एकट्याच्या डोक्यात.

बघता बघता ‘लाईट आली’ यावल, रावेर, पहूर करत पार धुळ्याकडे पोचलं. कोणी नेपाळातूनही लिहून कळवलं की आमच्याकडे चालतंय. भूपेंद्र खूश. आपला हात जगन्नाथ म्हणत सगळं एकट्याने ओढत होता.

मग मागच्या मे महिन्यात त्याला टायफॉईड झाला. ताप असा की बायकोलाच तो वहिनी म्हणायला लागला. दवाखान्यात पडून असताना तिकडे मुख्य प्रोग्रॅम कुठेतरी अडकला आणि निरोप थांबले. सगळ्या लाईनवर शांतता. लोकांना वाटलं, लाईटच नाही. इतक्या दिवसांत त्यांची लाईट बघायला जायची सवयच मोडलेली. लाईट येत होती, जात होती, आणि लोक मोबाईलकडे बघत घरात बसलेले. शेजारच्या चिंधा नानांची केळीची नवी रोपं त्या उन्हात करपली. जळगावचं मेमधलं ऊन, त्याला रोपाची काय दया?

भूपेंद्र घरी आला तसे नाना भेटायला आले. हातात मोसंबी होती, पण चेहरा मोसंबी घेऊन येणाऱ्या माणसाचा नव्हता. जरा वेळ तब्येतीचं विचारलं आणि मग म्हणाले, “तू पडला आजारी, अन् माह्ये रोपं गेले. मले एक सांग, तुह्या मागे कोन हाये?”

खरं उत्तर एकच होतं, कोणी नाही. भूपेंद्र मोसंबी सोलायला लागला. नाना गेल्यावर त्याने ठरवलं, पुढचा उन्हाळा लागायच्या आत हे आपल्याशिवाय चाललं पाहिजे. चावी धरणारा दुसरा हात पाहिजे. नाहीतर आपण लोकांची सोय नाही केली, सवय मोडली फक्त.

आता तुम्ही म्हणाल, दुरुस्त्या पाठवणारे होतेच की, त्यातलाच एखादा धरायचा. तिथेच तर सगळं घोडं पेंड खात होतं. लोक यायचे. धुळ्याजवळच्या कापडण्याची किरण बोरसे म्हणून एक मुलगी होती, धुळ्याला कंप्युटरच्या कामावर जायची, तिच्या वडिलांच्या शेतावर ‘लाईट आली’ चालत होतं. तिने एक चांगली दुरुस्ती पाठवली होती. पहूरला शिकवण्या घेणारा मगन होता, त्यानेही पाठवली होती. आणखीही होते. एकदा यायचे, फार तर दोनदा यायचे, आणि मग गडप. भूपेंद्र प्रत्येकाचे भरभरून आभार मानायचा. नुसते तोंडी नाही. पत्ता मागून घ्यायचा आणि कुरिअरने टॉवेल, टोपी, नारळ धाडायचा. किरणला खण आणि नारळ. नेपाळला नारळ जाईना, तर त्याने नुसती टोपी धाडली. एवढं करूनही माणसं टिकेनात. भूपेंद्र चक्रावून गेला. आपल्याकडून मानात काही कमी पडलं की काय?

त्याने इंटरनेटवर शोधलं, या कामात नवी माणसं कशी टिकवायची. मोठमोठ्या प्रोग्रॅमवाल्यांनी लिहून ठेवलेलं त्याला सापडलं. सगळ्यांचं म्हणणं एकच: नव्या माणसाचं मनापासून स्वागत करा. वाचून तर त्याच्या डोक्याला झिणझिण्या आल्या. स्वागत? आपण दुसरं करतोय काय?

मग त्याने ठरवलं, मेळावा घ्यायचा. सगळ्यांना फैजपूरला बोलवायचं, दिवसभर एकत्र बसायचं, काम समजावून सांगायचं, आणि संध्याकाळी कोणा एकाच्या हाती चावी द्यायची. थंडीचे दिवस होते, बागेत भरिताची वांगी भाजायची व्यवस्था केली. दिपमाला म्हणाली, माणसं शिकायला येतायत की जेवायला? तो म्हणाला, आधी आदरातिथ्य, मग काम.

माणसं आली. किरण आली, मगन आला, भुसावळच्या रेल्वे कॉलनीतून एक ललित म्हणून आला, आणखी काही. सगळ्यांनी लॅपटॉप आणले होते. भूपेंद्रने ते लॅपटॉप सगळ्यांच्या हातातून घेतले आणि घरात नीट एका जागी ठेवले, शेतातली धूळ बसेल म्हणून. मग चहा, मग केळी, मग काट्यांच्या जाळावर वांगी. मगन वांगी फिरवायला उठला, तर त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. किरण हिरव्या मिरच्या निवडायला लागली, तिच्यापुढून ताट उचललं. भरीत, कळण्याची भाकरी, लोणी, वर शेवभाजी. पोटं तुडुंब. जेवण झाल्यावर ललितने विचारलं, तो निरोप पाठवायचा भाग कसा आहे, मी जरा करून बघू का? भूपेंद्र म्हणाला, राहू द्या हो, तुम्ही कशाला, मी करून ठेवतो, तुम्ही आराम करा. आराम करता करता ऊन कललं. मग टॉवेल-टोपीचा कार्यक्रम. प्रत्येकाचं नाव घेऊन, दोन शब्द बोलून, टाळ्या. सगळी माणसं टोप्या घालून, नारळ काखेत धरून, एसटी गाठायला गेली. चावी भूपेंद्रच्या डोक्यात जिथे होती तिथेच.

त्यानंतर कोणाचंच काही आलं नाही. दुरुस्ती नाही, प्रश्न नाही, नमस्कार नाही. भूपेंद्र रोज सकाळी उघडून बघायचा, रिकामं. जेवताना त्याचा घास हातात राहायचा. दिपमालाला म्हणाला, “मी काय वाईट वागलो गं कोणाशी?” ती म्हणाली, वाईट तर अजिबात नाही वागलात. पण ते ती अशा सुरात म्हणाली की त्याला ते बरं म्हणून घ्यावं की कसं, कळेना.

होळी झाली. उन्हं तापायला लागली. चिंधा नानांनी पुन्हा नवी रोपं लावली आणि लावून झाल्यावर मुद्दाम येऊन भूपेंद्रला सांगितलं, लावली म्हणून. पुढे काही बोलले नाहीत. बोलायला पाहिजे होतं, निदान त्याला चिडता तरी आलं असतं.

शेवटी एका रविवारी तो उठला आणि जळगावला गाडी बदलून, पारोळ्यावरून धुळ्याला आणि तिथून कापडण्याला गेला. किरणच्या घरी. फोन करून विचारता आलं असतं, पण फोनवर कसं विचारायचं, तुम्ही मला का सोडून गेलात म्हणून? बरोबर पेढे घेतले. ताकाला जाऊन भांडं लपवायची तयारी पूर्ण होती: धुळ्याला काम होतं, म्हटलं जाता जाता भेटून जावं.

बोरश्यांच्या अंगणात त्या दिवशी बिबड्यांचं काम निघालं होतं. बिबड्या म्हणजे ज्वारीच्या पिठाचे पापड. लसूण-मिरची-तीळ घालून पीठ मोठ्या पातेल्यात शिजवायचं आणि ते गरम आहे तोवर ओल्या फडक्यावर थापायचं. पीठ गार झालं की गेलं. म्हणून गल्लीतल्या बाया एकमेकींच्या घरी जमतात, आणि त्या वेळी अंगणात जो सापडेल तो कामाला. भूपेंद्र फाटकात उभा राहिला, पेढ्यांचा पुडा पुढे धरून. किरणची आई भिकुबाई चुलीपाशी होती. तिने मान वर केली, पुड्याकडे बघितलंही नाही.

“उभा का ऱ्हायना भो? वारा सुटना शे, हाई फडकं धर.”

कोणीतरी बाई म्हणाली, अक्का, पाहुणा आहे तो, चपला तरी काढू दे. भिकुबाई म्हणाली, “पाहुणा कसाना? घरमा उना म्हणजे घरना.” आणि फडक्याचं टोक भूपेंद्रच्या हातात.

जन्मात पहिल्यांदा हा माणूस दुसऱ्याच्या घरी पाण्याचा घोटही न घेता कामाला लागला. फडकं धरलं. मग ओल्या हाताने थापायला बसवलं. त्याची पहिली बिबडी एका बाजूला जाड, एका बाजूला भोक. भिकुबाईने ती बघून सरळ सांगितलं, ही वाईट झाली, पुन्हा थाप. त्याचा चेहरा पडला. दुसरी जरा बरी झाली. तिसरीकडे तिने बघितलंच नाही, म्हणजे चांगली झाली असावी. पोळलेली बोटं, कपाळावर घाम, शर्टाला पीठ. आणि गंमत म्हणजे त्याला बरं वाटत होतं. इतकं बरं का वाटतंय हे काही त्याला उमगेना.

काम आटोपल्यावर किरणने चहा आणला. तो कपही त्याने स्वतःच ट्रेमधून उचलला. मग धुळ्याच्या कामाचं खोटं त्याच्याने बोलवेना. त्याने विचारून टाकलं, तुम्ही सगळे का गेलात?

किरणने ट्रे खाली ठेवला. मग म्हणाली, “भाऊ, मी दुरुस्ती पाठवली. तुम्ही आभार मानलेत, कौतुक केलंत, आईने जपून ठेवलाय तो खण. आणि माझी दुरुस्ती पुसून तीच तुम्ही तुमच्या हाताने परत लिहिलीत. मी बघितलं ते. मग माझं तिथे काय राहिलं?”

“त्यात जरा चूक होती,” भूपेंद्र म्हणाला.

“मग मला सांगायचं.”

“आता पाहुण्याच्या कामाला नावं कशी ठेवायची?”

“तेच तर,” किरण म्हणाली. “आणि नारळ हातात दिला की माणूस काय करतो, भाऊ? उठतो आणि घरी जातो.”

हे भूपेंद्रला पूर्ण पटलं असं नाही. मान देणं चूक कसं असेल? आबांनी आयुष्यभर तेच केलं. पण आबांच्या घरी जेवलेले पाहुणे परत नांगर धरायला कधी आले होते, हेही त्याला आठवेना. आपल्याकडे म्हणतातच की, पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. इतके दिवस तो आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशीच ठेवत होता, आणि तिसऱ्या दिवशी कोणी का राहत नाही म्हणून झुरत होता.

निघताना बोरश्यांकडून ना टोपी, ना नारळ. भिकुबाई हात धुता धुता म्हणाली, येत जा. बस. एसटीत बसल्यावर त्याला मनातून जरा लागलंच. एवढ्या लांबून गेलो, साधा नारळ नाही. पारोळा मागे पडेपर्यंत त्याला वाईट वाटत होतं, आणि मग अचानक हसू आलं, आणि एरंडोलला पुन्हा वाईट वाटलं.

घरी येऊन त्याने चावी किरणला दिली. मगनलाही दिली. ते लिहिताना शब्दाशब्दाला हात अडत होता. दिपमाला म्हणाली, मला सासरी पाठवताना माझे वडील एवढे रडले नव्हते.

पण चावी दिली म्हणून खोड जाते का? किरणने एका नव्या माणसाला काम समजावून सांगितलं, त्या माणसाने अर्धवट करून पाठवलं, आणि भूपेंद्रने बघितलं मात्र, त्याच्याने राहवेना. किरण कामावरून घरी येईपर्यंत त्याने ते सगळं पूर्ण करून, सजवून, वर आभारही मानले. तिचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच तो घाबरला. ती म्हणाली, भाऊ, तुमची चावी परत घ्या, तुम्हाला माणसं नकोत, प्रेक्षक पाहिजेत. त्याने तिची माफी मागितली. पुन्हा हात लावणार नाही म्हणाला. मग दिवसभर त्याला वाटत राहिलं की आपल्याच घरात कोणीतरी आपल्याला ओसरीवर बसवून ठेवलंय.

आणि मे आला.

एका सकाळी निरोप थांबले. मोबाईल कंपनीने निरोप पाठवायची पद्धत बदलली होती, जुनी पद्धत त्या दिवसापासून बंद. भूपेंद्रने लॅपटॉप उघडला आणि बघताक्षणी ओळखलं, कुठे काय बदलायचं ते. चहा पिऊन होईतो झालं असतं. त्याने किरणला फोन लावला. तिला आधीच कळलं होतं. ती म्हणाली, मगन करतोय, त्याने हे काम आधी कधी केलं नाही, म्हणून मुद्दाम त्यालाच दिलंय, मी बघतेय.

मगन! मगन म्हणजे एक ओळ लिहिणार, दोन वेळा पुसणार, मध्येच शिकवणीची मुलं आली म्हणून उठणार. भूपेंद्रने फोन ठेवला आणि वळला, तर दारात चिंधा नाना.

“निरोप नाही आला आज,” नाना म्हणाले.

भूपेंद्रने सांगितलं, पहूरचा एक जण दुरुस्त करतोय. नानांनी विचारलं, तुला येत नाही का? येतं, तो म्हणाला. चावी तुझ्याकडे नाही का? आहे. नाना त्याच्याकडे बघत राहिले, वेड लागलेल्या माणसाकडे बघावं तसे.

“तुह्या हाती हाये, तुले येतं, अन् तू पहूरवाल्याची वाट पाहून राह्यला? मंग माह्ये रोपं काय पहूरले नेऊन लावू?”

हात लावला तर किरण गेली, मगन गेला, आणि पुढच्या टायफॉईडला पुन्हा हेच. नाही लावला तर नानांची रोपं गेली, आणि तीही दुसऱ्यांदा. त्याला खरोखर कळेना कुठला पाहुणा आणि कुठला घरचा, कोणाचा मान राखायचा. बोटं लॅपटॉपवर होती. आतून दिपमालाने त्याच्याकडे बघितलं आणि काहीच सुचवलं नाही, तिचा त्याला रागही आला.

शेवटी त्याने लॅपटॉप मिटला. म्हणाला, “नाना, चला. शेतात जाऊन बसू. लाईट बघायला मी येतो तुमच्याबरोबर.”

नाना वाटभर बडबडत होते. एवढं शिकून शेवटी लिंबाखाली बसून लाईटची वाट बघायची, तर मग पुण्याला कशाला गेला होतास. लिंबाच्या सावलीत दोघं मोटारीच्या पेटीकडे डोळे लावून बसले. वारा म्हणजे नुसती झळ. भूपेंद्र दर थोड्या वेळाने मोबाईल काढायचा आणि परत खिशात टाकायचा. मगनला एवढंही येत नाही का? येत असेल. नसेल. आपण त्याला कधी काही करू दिलं होतं, की येईल?

पेटीतला लाल दिवा लागला. लाईट आली. नाना या वयात असे उठले की काय सांगू. मोटार घरघरली, भूपेंद्रने कॉक फिरवले, रोपांच्या बुडाशी ठिबक गळायला लागलं. मग त्याने एकेकाला फोन लावायला सुरुवात केली, जुन्या काळासारखं, लाईट आली, लाईट आली, लाईट आली. घसा बसला तरी यादी संपेना. आणि ते चालू असताना त्याच्या हातात, नानांच्या बंडीत, शेजारच्या बांधावरच्या माणसाच्या खिशात, सगळीकडे मोबाईल एकदम वाजले.

निरोप होता: लाईट उनी रे भो.

भूपेंद्रने तो दोनदा वाचला. निरोपातले शब्द आधी त्याचे होते. किरणने किंवा मगनने, कोणीतरी, दुरुस्ती करता करता ते काढून आपले घातले होते. ‘आली’ची ‘उनी’ झाली होती, धुळ्याकडची बोली, फैजपूरच्या केळीत. त्याला विचारलंही नव्हतं. त्याचा अंगठा आपोआप हलला, घरी जाऊन हे बदलू म्हणून, आणि थांबला. घरचं माणूस विचारत बसत नाही. त्याला आनंद झाला की दुःख, कोण जाणे. डोळे मात्र भरून आले, आणि नानांना दिसू नये म्हणून तो कॉक तपासायला गेला.

“लाईट येऊन मोटार बी चालू झाली,” नाना मागून म्हणाले, “अन् हा आता सांगून राह्यला.” पण आवाजात हसू होतं.

दुसऱ्या दिवशी नाना आले ते पिशवी घेऊन. किरणसाठी खण आणि नारळ, मगनसाठी टॉवेल-टोपी आणि नारळ. धुळ्याला आणि पहूरला पाठवून दे म्हणाले, पोरांनी काम केलं. भूपेंद्रने पिशवी हातात घेतली. किती ओळखीचं वजन होतं ते. मग त्याने ती परत नानांपुढे ठेवली.

“नको, नाना. घरच्यांना कोणी नारळ देतं का?”

नानांनी विचार केला. मग पिशवीतून टोपी काढली, झटकली, आणि सरळ भूपेंद्रच्या डोक्यावर चढवली. “मंग तूच घाल. तुह्याशिवाय चाललं काल. तू झाला पाहुणा.”

भूपेंद्र तसाच उभा राहिला, डोक्यावर टोपी. हेच तर पाहिजे होतं त्याला, वर्षभर यासाठीच जिवाचं रान केलं होतं. मग ही टोपी डोक्याला जड का लागत होती? तेवढ्यात किरणचा फोन आला. शहाद्याहून कोणी नवा माणूस आलाय, त्याने दुरुस्ती पाठवलीय, आज उत्तर द्यायची पाळी तुमची आहे, भाऊ. आणि फक्त सांगा, करून देऊ नका.

त्याने टोपी काढली, खुंटीला अडकवली आणि लॅपटॉपपुढे बसला. शहाद्याच्या माणसाचं काम साधारणच होतं. भूपेंद्रने लिहिलं, आपले हार्दिक स्वागत. पुसलं. मग लिहिलं, शेवटची ओळ चुकली आहे, तपासून परत पाठवा. लिहून झाल्यावर त्याला असं वाटलं, की दारातल्या माणसाला उपाशी हाकलला. हात मांडीखाली दाबून तो बसून राहिला. उत्तर आलं, एकच शब्द: बघतो.

“बघतो म्हणजे रागावला का गं तो?” त्याने आत विचारलं.

दिपमाला बाहेर आली, पिशवीतले नारळ घेतले आणि उंबऱ्यावर एक फोडला. पाणी नानांच्या पेल्यात धरलं आणि म्हणाली, मला काय माहीत, वाट बघा, आणि तोवर हे खोबरं किसायला घ्या.